कानातला दलाल

"आई, चहा ठेवू का?" तेजलनं स्वयंपाकघरातून विचारलं, आणि वैजयंतीबाईंना वाटलं, ही पोरगी काहीतरी लपवतेय.

आता 'चहा ठेवू का' एवढ्याशा वाक्यात लपवायला जागा ती कितीशी? पण आवाजच तसा होता. पत्र्यावर खिळा ओढावा तसा. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सुनेचा आवाज असा नव्हता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. तेव्हा ती बोलायला लागली की ऐकत राहावंसं वाटे. मग गेल्या वर्षभरात झालं काय? माणसाचं मन फिरलं की आवाजही फिरतो, असं वैजयंतीबाईंचं साधं गणित. सासरा गेलेला, नवरा सहा-सहा महिने जहाजावर, घरात म्हातारी एकटी, आणि सांगलीत विश्रामबागेतला बंगला मोक्याचा. आणखी काय सांगायला हवं?

"नको," त्या म्हणाल्या. "उमराणीकर येतील तेव्हाच ठेव."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. तो मात्र अगदी स्वच्छ ऐकू आला.

वैजयंतीबाईंच्या दोन्ही कानांत 'कानसखी' होती. जुनी कानाची मशीनं सगळंच मोठं करून ऐकवायची. माणसाचं बोलणंही मोठं आणि कुकरची शिट्टीही मोठी. डोकं उठायचं आणि कळायचं काहीच नाही. कारण उतारवयात कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी स, च, फ अशी बारीक अक्षरं निसटतात. 'सात' आणि 'हात' सारखेच वाटू लागतात. पण गंमत अशी, की सवयीच्या माणसाचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकलं तरी मेंदू उरलेलं स्वतः भरून घेतो. परक्याच्या बाबतीत तो एवढे कष्ट घेत नाही. कानसखी बनवणाऱ्या 'स्वरसोबत' कंपनीनं नेमकं हेच हेरलं. समोरच्याचं बोलणं पकडायचं, पापणी लवायच्या आत ते नव्यानं घडवायचं, आणि त्यात ओळखीच्या आवाजाची चिमूट टाकायची. आमटीत मीठ टाकतात तेवढीच. मीठ वेगळं कळत नाही, आमटी मात्र घशाखाली उतरते.

तुम्हाला कुणाचा आवाज जवळचा, हे मशीनला सांगावं लागत नसे. कानाच्या आत नाडी लागते, घामाचा ओलावाही कळतो. कुणाच्या बोलण्यानं छातीचे ठोके संथ होतात, हे चार-सहा महिन्यांत ते आपसूक शिकत असे. ही सोय चालू करायची का, असं मशीननं पहिल्या दिवशी विचारलं होतं. नवरा, भूपालअण्णा, तेव्हा होते. "कर की चालू. ऐकू येण्याशी मतलब," ते म्हणाले होते, आणि वैजयंतीबाईंनी 'हो' म्हटलं होतं.

चिमूट कुणाची, हे मशीननं कधी सांगितलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

---

उमराणीकर आले. पन्नाशीचे, निळा कोट, छातीवर कंपनीचा चकचकीत बिल्ला. कंपनी त्यांना विक्रेता म्हणत नसे, 'ज्येष्ठमित्र' म्हणे. या मित्रानं वर्षभरात मानेची उशी, पाय चेपायचं यंत्र, पाण्याचं फिल्टर आणि जिची चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी होती ती ताकदीची पावडर अशी मैत्री निभावली होती. प्रत्येक वेळी तेजल आड आली होती, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी खरखरीत झाला होता.

आज मामला मोठा होता. कृष्णेच्या पलीकडे 'सांजसावली' नावाची ज्येष्ठांची वसाहत. बंगला कंपनीच्या नावे करून द्यायचा, वर काही रक्कम भरायची आणि तिथं जन्मभर निवांत राहायचं. सकाळीच तेजल म्हणाली होती, "आई, तुम्ही सही केलीत तर मी जयसिंगपूरला माहेरी निघून जाईन. डोळ्यांनी बघवणार नाही मला."

'जा की,' वैजयंतीबाई मनात म्हणाल्या होत्या. 'बंगला हातचा जातोय म्हणून बघवत नाही होय.'

"काकू, मी सांगतो म्हणून नका करू," उमराणीकर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "तुमच्या मनाला विचारा."

वैजयंतीबाईंनी मनाला विचारलं. मन म्हणालं, हा माणूस खोटं बोलणार नाही. याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण तो बोलला की दिवेलागणीला अंगणात पाणी मारल्यावर वाटतं तसं वाटे.

त्यांनी फोन हातात घेतला. नेहमी आकडा फोनवर येई आणि त्या अंगठा टेकवीत. पण चष्म्याची काच कालच तडकली होती.

"मला काही दिसत नाही बाई. किती द्यायचे वरचे, ते तुम्हीच सांगा तोंडानं."

उमराणीकरांनी आकडा सांगितला. मोठ्यानं, स्पष्ट, शेवटच्या शून्यापर्यंत.

वैजयंतीबाईंच्या अंगावर काटा आला.

आकडा मोठा होता म्हणून नव्हे. या आवाजानं आकडा उच्चारला म्हणून. हा आवाज त्यांनी चाळीस वर्षं ऐकला होता, आणि त्यानं कधी, कधीही, भाव तोंडानं सांगितला नव्हता.

भूपाल मगदूम सांगलीच्या पेठेतले हळदीचे दलाल. जुन्या काळी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा हातात हात घालत, वर रुमाल टाकत, आणि आत बोटं दाबून भाव ठरे. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. नको असेल तर हात काढून घ्यायचा, सौदा मोडला. पुढं पडद्यावर आकडे आले, रुमाल गेले. पण बापानं लावलेली सवय अण्णांची गेली नाही. भाव बोलून दाखवणं त्यांना चारचौघांत कपडे काढण्यासारखं वाटे. मंडईत गवारी महाग वाटली तरी ते वैजयंतीबाईंचा हात पदराआड घेऊन बोटं दाबत. मुलाच्या लग्नाचा सगळा खर्च त्यांनी बायकोला असाच, देवघराच्या उंबऱ्यावर बसून, हातात सांगितला होता.

आणि इथं त्यांचाच आवाज परक्या माणसाच्या तोंडून बोली लावत होता.

"काय झालं, काकू?" उमराणीकरांनी विचारलं. आता वैजयंतीबाईंना ते लख्ख ऐकू आलं. त्या 'काय'मधला खर्ज ह्यांचा. 'काकू' तेवढं उमराणीकरांचं.

दलालाची बायको होती ती. हातातलं चेहऱ्यावर दाखवायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

"काही नाही ओ. रविवारी या. सही करायला दिवस चांगला बघू."

---

उमराणीकर गेल्यावर तेजल खोलीतून बाहेर आली. हातात खरंच बॅग होती. ती काहीतरी बोलू लागली, आणि पुन्हा तोच खिळा पत्र्यावर ओढला गेला.

वैजयंतीबाईंनी दोन्ही कानांतून मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं. घर पाण्यात बुडाल्यासारखं झालं. तेजल बोलतच होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज दुरून, ओल्या भिंतीपलीकडून यावा तसा येत होता. खोल होता. रडवेला होता. खरखर कुठंच नव्हती.

त्या उठल्या, कपाटातून अण्णांचा रुमाल काढला. अजून हळदीचा वास होता त्याला. सुनेला समोर बसवून तिचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. ही बोटांची भाषा सासऱ्यानं हौसेनं सुनेलाही शिकवली होती. दिवाळीत पत्ते खेळताना दोघी मिळून अण्णांनाच फसवायच्या.

"उमराणीकरावर तुझा भरवसा किती? बोटानं सांग."

 तेजलनं करंगळीचं फक्त टोक धरलं.

"आणि माझ्यावर?"

तेजलनं अख्खा पंजा धरला. बराच वेळ सोडला नाही.

वैजयंतीबाईंना आपली शरम वाटली. पण शरमेत वेळ घालवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "बॅग आत ठेव," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या कानात दलाल बसलाय, त्याचं काय करायचं ते सांग."

---

तेजल जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न कागदावर लिहून विचारला: 'मशीनला कसं कळतं, की समोरचा माणूस कंपनीचा आहे?'

उत्तर रविवारी मिळालं, आणि तेही हळदीनंच दिलं. वैजयंतीबाईंनी मशीन मुद्दाम पुन्हा कानात घातलं होतं. उमराणीकर आले, बसले, बोलू लागले. आवाजात अण्णा होतेच. तेजल पेला घेऊन आली आणि अडखळली. गरम हळदीचं दूध निळ्या कोटावर छातीपासून खिशापर्यंत सांडलं.

"अगं बाई! काढा, काढा लवकर. हळद आहे, डाग बसेल. आत्ता धुऊन आणते."

कोट गेला मागच्या मोरीवर. त्याच्याबरोबर बिल्लाही गेला.

"असू दे, असू दे," उमराणीकर म्हणाले, "होतं असं कधीकधी."

वैजयंतीबाईंना हसू दाबता येईना. समोर एक घोगरा, नाकात बोलणारा, थकलेला माणूस बसला होता. सर्दी झालेल्या कोंबड्यासारखा. वर्षभर आपण हा आवाज ऐकलाच नव्हता! बिचाऱ्यालाही ठाऊक नसावं, की आपण या घरात कुणाच्या आवाजात बोलतो.

"उमराणीकर," त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक आहे का हो, त्या बिल्ल्यात काय आहे?"

"हजेरीचं काहीतरी आहे म्हणतात, काकू. घातला नाही तर विक्री होत नाही, एवढं मात्र आहे."

म्हणजे बिल्ला मशीनला खुणावत होता: हा आपला माणूस. मग मीठ चिमूटभर न राहता मूठभर पडे. आणि उलटही होतंच. ज्या माणसाच्या बोलण्यानंतर बाईंची खरेदी लांबते, त्याचा आवाज मशीन हळूहळू खरडत होतं. तेजलला कुणी शिवी दिली नव्हती, चहाडी केली नव्हती. तिला फक्त रोज थोडं थोडं कर्कश केलं होतं.

"याला कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात," तेजल म्हणाली. "वकील लागत नाही. ग्राहक आयोगात आपली आपण तक्रार करता येते."

"एवढं लांबलचक नाव? पेठेत याला लबाडी म्हणायचे."

---

तक्रार दाखल झाली त्या दिवशीच कानसखी आयोगाकडे जमा झाली. वैजयंतीबाई बहिऱ्या झाल्या. आणखीही एक झालं, ते त्यांनी तेजलला सांगितलं नाही. घर फार गप्प झालं. दूधवाल्याच्या, डॉक्टरांच्या, बातम्या देणाऱ्याच्या बोलण्यात मिसळून जी एक ऊब वर्षभर घरात वावरत होती, ती कुणाची होती हे आता कळलं होतं. आणि कळलं तेव्हाच ती गेली होती. माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं.

पहिल्या सुनावणीला कंपनीचे वकील खांबेटे उभे राहिले. उंची सूट, मऊ बोलणं. तेजल शेजारी बसून सगळं पाटीवर लिहून दाखवत होती.

"तक्रारदारांच्या भावनांचा आम्हाला आदर आहे," खांबेटे म्हणाले. "पण आवाज त्यांच्या कानात, भास त्यांच्या मनात. बाहेर कुणालाच काही ऐकू येत नाही. पुरावा कुठाय? शिवाय संमती त्यांनीच दिली आहे."

तेजल उठली. "संमती नीट ऐकू यावं म्हणून दिली होती, साहेब. नीट फसावं म्हणून नव्हे."

आयोगाच्या अध्यक्षा फडतरेबाई गालात हसल्या, मग गंभीर झाल्या. "वकीलसाहेबांचा मुद्दा बिनतोड आहे, मिसेस मगदूम. जे फक्त एकाच माणसाला ऐकू येतं, ते आयोगानं ऐकायचं कसं?"

पाटी वाचून वैजयंतीबाई जागेवरूनच म्हणाल्या, "रुमाल टाकून."

---

प्रयोगाच्या दिवशी आयोगाच्या व्हरांड्यात खांबेटे त्यांच्यापाशी येऊन बसले. तेजल आत कागद द्यायला गेली होती, तेवढी वेळ त्यांनी बरोबर साधली. हातात मखमली डबी. त्यांनी डबी उघडून खुणेनं सांगितलं, घालून तर बघा.

नवी कानसखी होती. घालू नये हे वैजयंतीबाईंना कळत होतं. त्यांनी घातली.

"वैजू," अण्णा म्हणाले.

चिमूट नाही, मूठ नाही. अख्खे अण्णा. सुपारीमुळे जरा जड झालेली जीभ, 'जू'वरचं ते रेंगाळणं. वैजयंतीबाईंनी बाकाची कड घट्ट धरली.

"दमलीस होय गं? कशाला हे कोर्टकचेरीचं? चल की घरी."

"काकू, कंपनी हे तुम्हाला जन्मभर देईल," खांबेटे म्हणाले. या मशीनमधून त्यांचं बोलणंही छान ऐकू येत होतं. "रोज बोला त्यांच्याशी. तक्रार तेवढी मागे घ्या. आणि तसंही जुनं मशीन आता प्रयोगशाळेत खोलणार. त्यात जे साठलंय ते परत मिळेलच असं नाही."

म्हणजे आत गेलो तर हे कायमचे गेले. वैजयंतीबाईंनी डोळे मिटले. व्हरांड्यात ऊन होतं, कुठंतरी टाइप केल्याचा आवाज होता, आणि कानात नवरा श्वास घेत होता. मेलेल्या माणसाचा श्वाससुद्धा घालून ठेवला होता मेल्यांनी.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आज हळदीचा भाव काय निघाला?"

"आजचा ना?" अण्णा उत्साहानं म्हणाले, आणि त्यांनी भाव सांगितला. राजापुरी हळदीचा वेगळा, सेलमचा वेगळा, अगदी पैशासकट.

वैजयंतीबाईंनी पिशवीतून रुमाल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. "असा सांगा. तोंडानं नको."



"म्हणजे कसं, वैजू?"

गोंधळून खांबेट्यांनीच आपला हात रुमालाखाली घातला. मऊ, गार, घाम आलेला हात. वैजयंतीबाईंनी तो धरला. वकिलाला वाटलं, जमलं. मग त्यांनी आपला हात सावकाश काढून घेतला.

"हे काय, काकू?"

"सौदा मोडला," त्या म्हणाल्या. कानातलं काढून डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण स्वतः लावलं.

---

आत पडदा लावला होता. पडद्यामागं आयोगाचे लिपिक एकच वाक्य पुनःपुन्हा वाचणार होते. दर वेळी त्यांच्या खिशात एक बंद पाकीट ठेवायचं. काहींत कंपनीचा बिल्ला, काहींत तेवढ्याच वजनाची चकती. कशात काय, हे लिपिकांनाही ठाऊक नाही आणि अध्यक्षांनाही नाही. वैजयंतीबाईंनी आपली जुनी कानसखी घालायची, आणि वाक्य ऐकून भरवसा किती वाटतो ते फडतरेबाईंच्या हातात, रुमालाखाली, बोटांनी सांगायचं. चेहरा बघून कुणी काही ठरवायला नको, कुणी खुणावायला नको.

फडतरेबाईंनी वाक्य मुद्दाम रुक्ष निवडलं होतं: 'कार्यालयातील पाण्याची टाकी सोमवारी धुतली जाईल.'

पहिल्यांदा लिपिक बोलले. किरटा, सरकारी आवाज. वैजयंतीबाईंनी एक बोट धरलं.

दुसऱ्यांदा तेच वाक्य आलं, आणि त्यात अण्णा आले. पाण्याची टाकी सोमवारी धुतली जाईल, असं त्यांनी सांगितलं, आणि वैजयंतीबाईंना वाटलं, धुतली जाईलच. साऱ्या जगातल्या टाक्या धुतल्या जातील. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खोटं बोट दाबलं असतं तर प्रयोग फसला असता, मशीन कदाचित खोललंही गेलं नसतं. रुमालाखाली कुणाला दिसत होतं?

त्यांनी अख्खा पंजा धरला.

वाक्य येत राहिलं. कधी लिपिक, कधी अण्णा. शेवटी पाकिटं फोडली गेली. बिल्ला होता तिथं पंजा होता, चकती होती तिथं बोट. एकदाही चूक नव्हती. खांबेटे कागदात काहीतरी शोधू लागले.

फडतरेबाईंनी रुमाल घडी करून परत दिला. "विक्रेत्यानं आपल्या मालाची तारीफ खुशाल करावी," त्या म्हणाल्या. "पण गिऱ्हाइकाच्या कानात शिरून, त्याच्याच माणसाच्या आवाजात नव्हे." सगळ्या बिल्ल्यांची खूण त्याच दिवसापासून बंद करण्याचा अंतरिम आदेश त्यांनी दिला. मग लिपिकांनी लाखेचं पाकीट पुढे धरलं. प्रयोगशाळेसाठी.

वैजयंतीबाईंनी कानसखी काढली. तळहातावर दोन काळे दाणे, काळ्या घेवड्याएवढे. त्या काहीतरी पुटपुटल्या, ते कुणाला ऐकू आलं नाही; त्यांना स्वतःलाही नाही. मग त्यांनी दाणे पाकिटात सोडले.

बाहेर रस्त्यावर बिनड्रायव्हरच्या रिक्षा गुपचूप धावत होत्या. आता कुठलंही मशीन कानात घालताना हात थबकणार, हे त्यांना कळत होतं. यात मीठ कुणाचं, असं दर वेळी मनात येणार. तेजल शेजारून चालता चालता काहीतरी म्हणाली. ओल्या भिंतीपलीकडचा तो खोल आवाज. शब्द निसटले.

वैजयंतीबाईंनी पदर पुढे केला आणि त्याखाली हात दिला.

तेजलनं दोन बोटं दाबली आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याकडे बघितलं.

"दोन कशाला?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "एक सांग. अर्धा अर्धा घेऊ. आणि केवढ्याला देतो, ते मला हातात सांग."